जमीन सपाट धरली आहे

ओळंबाकाका त्या माळावर आले ते ओटे बांधायला. नकाशा हातात आला, खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, की गवंड्याचं काम सुरू होतं. कशासाठी बांधायचं हे विचारायची त्यांना सवय नव्हती. इथं एक ओटा, दीड किलोमीटरवर दुसरा, तिथून दीड किलोमीटरवर तिसरा, असे तीनशे साठ ओटे झाले. प्रत्येक ओट्यावर एक टाकी बसली, खांद्याइतकी उंच आणि लहानशा खोलीएवढी रुंद. टाकीत बारा हजार लिटर नितळ पाणी आणि वर असं घट्ट झाकण, की आत उजेडाचा ठिपकाही शिरू नये. ओटा समतल हवा, एवढीच अट होती, आणि त्या बाबतीत काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते स्वतःही उंच, सडसडीत, नाकासमोर चालणारे. शिवाय खिशात कायम पितळी ओळंबा. दोरीला बांधलेलं ते वजन खाली सोडायचं आणि भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं. नाव पडायला आणखी काय लागतं.

काम संपत आलं तेव्हा काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. परांचीवर चढणं जमेना, म्हणून त्यांनी टाक्यांची देखभाल पत्करली. सकाळी जीप घेऊन निघायचं, बॅटऱ्या तपासायच्या, सौर पत्र्यांवरची धूळ पुसायची, गांधीलमाश्यांची पोळी काढायची, गुरांनी अंग घासून सैल केलेल्या तारा आवळायच्या. अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस त्यांच्या बायकोनं मशीनवरून मान वर न करता विचारलं. ती घरीच शिवणकाम करायची आणि तिचे बरेचसे प्रश्न दोरा ओवता ओवता यायचे.

"अहो, ते पाणी कोणी पीत नाही, त्यानं कोणी अंघोळ करत नाही, झाडांनाही घालत नाही. मग इतकं जिवापाड जपलंय कशासाठी?"

इतके ओटे बांधूनही आपल्याला हे माहीत नाही, याचा काकांना राग आला. दुसऱ्या दिवशी ते थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

डॉक्टरबाई म्हणजे औषधं देणाऱ्या नव्हेत. त्या शास्त्रज्ञ, पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, चष्मा कायम डोक्यावर ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या. दारावरची डॉक्टर ही पाटी वाचून एकदा एक ड्रायव्हर मुरगळलेला पाय घेऊन आला होता. तेव्हापासून त्यांनी खणात एक मलमाची डबी ठेवून दिली होती. कशाला कोणाला परत पाठवायचं.

"बसा काका," त्या म्हणाल्या, आणि कागदावर एक आडवी रेघ ओढली. ती जमीन. तिच्यावर टाक्यांची चौकोनी चित्रं काढली. मग कागदाच्या पार वरच्या टोकाला एक टिंब काढलं.

"हा एक कण. अणूपेक्षाही लहान. आभाळातून कुठून तरी येतो. याला वैश्विक किरण म्हणतात, पण किरण नाही, कणच. आणि एवढ्याशा कणात कधी कधी जोर असतो तो जोरात फेकलेल्या चेंडूइतका."

"अणूपेक्षा लहान, आणि चेंडूइतका जोर?"

"हो. तो हवेवर आदळतो, हवेच्या कणांना फोडतो, ते पुढच्यांना फोडतात, आणि खाली येईपर्यंत कोट्यवधी कणांची सर होते. ती सर टाक्यांवर पडते. पाण्यात क्षणभर निळसर उजेड चमकतो, तो आतले दिवे उलटे काम करून टिपतात. दिवे उजेड देतात, हे उजेड घेतात. कुठली टाकी आधी चमकली, कुठली नंतर, यावरून तो कण कोणत्या दिशेनं आला ते कळतं."

काका त्या टिंबावर बोट ठेवून वाकले. मग म्हणाले, "पण येतो कुठून?"

"तेच तर कोणाला माहीत नाही, काका."

या उत्तरानं ओळंबाकाकांवर विलक्षण परिणाम झाला. तीस वर्षांत त्यांना जे इंजिनिअर भेटले होते, त्यांतल्या एकानंही मला माहीत नाही हे शब्द तोंडातून काढले नव्हते. इथं एक शिकलीसवरलेली बाई ते सहज म्हणत होती, आणि म्हणताना तिचे डोळे चमकत होते. त्या दिवसापासून काका रोज चहाच्या वेळी एक प्रश्न घेऊन जाऊ लागले. कण सरळ येतात का? नाही, वाटेत चुंबकी ओढीनं वळतात. किती येतात? साधे पुष्कळ, पण सगळ्यात जोरदार जे आहेत ते अख्ख्या माळावर वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बायको रात्रीच्या जेवणाला विचारायची, "आज काय म्हणाल्या तुमच्या बाई?" आणि काका भाकर मोडत मोडत सगळं सांगायचे.

अशी आणखी सहा वर्षं गेली. मग एका दुपारी बाईंनी स्वतःहून निरोप धाडला.

भिंतीवर एक मोठा रंगीत कागद लावलेला होता. अंडं चपटं करून पसरावं तसा आकार. अर्धी बाजू लालसर, अर्धी निळसर, मध्ये रंग एकमेकांत मिसळत गेलेले.

"हे अख्खं आभाळ," बाई म्हणाल्या. "सगळ्यात जोरदार ते मोजकेच, म्हणून त्यांच्या खालोखालचे आठ वर्षांतले हजारो कण मोजले. सगळीकडून सारखे यायला हवे होते. सरासरी शंभर धरले, तर या लाल बाजूनं एकशे सहा येतात आणि त्या निळ्या बाजूनं चौऱ्याण्णव."

"म्हणजे आभाळ एका बाजूला कललंय."

"असं दिसतंय. पुढच्या महिन्यात जाहीर करायचं आहे. आपल्या प्रकल्पाच्या मोठ्या सरांनी परिषदेत वेळही घेऊन ठेवलीय."

काका शाबासकी देतील असं बाईंना वाटलं असावं. पण काकांनी हात मागे बांधले, कागदाच्या अगदी जवळ गेले, मग चार पावलं मागे आले. भिंत बघताना बघायचे तसंच.

"बाई, रागावू नका. आमच्यात भिंत वाकडी दिसली ना, की मिस्त्री आधी स्वतःचा ओळंबा तपासतो. दोरीला गाठ पडलीय का, वारा आहे का. तुम्ही तुमचं तपासलंत?"

"काय काय तपासायचं, सांगा तुम्हीच."

"ऊन. दुपारी टाक्या तापतात, पहाटे गार पडतात. तापल्या टाकीला जास्त दिसत असेल तर?"

बाई हसल्या, कारण या प्रश्नावर त्यांनी स्वतः दीड वर्ष घालवलं होतं. "उन्हाचा दिवस चोवीस तासांचा असतो, बरोबर? पण एखादा तारा आज जिथं दिसला तिथंच पुन्हा दिसायला चोवीस तासांना चार मिनिटं कमी लागतात. रोजची चार-चार मिनिटं साठून वर्षात एक अख्खा दिवस जास्त होतो. सूर्याचे दिवस तीनशे पासष्ट, ताऱ्यांचे तीनशे सहासष्ट. उन्हाची चूक असती तर ती सूर्याच्या घड्याळानं चालली असती. आमचा हा फरक ताऱ्यांच्या घड्याळानं चालतो."

काकांनी मान डोलावली, पण मनातून त्यांना ते पटलं नव्हतं. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत फिरते हे ते शाळेत घोकून आले होते. त्यात ही चार मिनिटं कोणी घुसवली?

त्या संध्याकाळी त्यांनी घराच्या छपराच्या कडेला ओळंबा टांगला. समोरच्या खिडकीच्या चौकटीला एक फळी ठोकली, फळीला खिळ्यानं भोक पाडलं, आणि त्या भोकाला डोळा लावून ते स्टुलावर बसले. बायको भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

"मी काय करायचं?"

"मी आता म्हटलं की वेळ सांगायची."

पूर्वेकडून एक ठळक तारा हळूहळू दोरीकडे सरकत होता. दोरीमागे तो दिसेनासा झाला, काका म्हणाले, "आता," आणि बायको म्हणाली, "सात वाजून बावन्न." दुसऱ्या दिवशी सात अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशीच्या ढगांवर बायको काकांपेक्षा जास्त वैतागली. चौथ्या दिवशी ती साडेसातलाच घड्याळ घेऊन बसली आणि काकांना जेवणावरून उठवून आणलं. सात चाळीस.

"म्हणजे बाई खरं सांगत होत्या," ती म्हणाली. "तीन दिवसांत बारा मिनिटं."

काका स्टुलावरून उठले नाहीत. इतकी वर्षं चुना-सिमेंटच्या भिंतींसाठी वापरलेली दोरी, आणि तिनं आज त्यांना ताऱ्यांचं घड्याळ दाखवलं होतं. ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मोजत होते. बावन्न, अठ्ठेचाळीस, चाळीस.

बायकोनं उठताना कंबर धरली. "घरापुढे एवढा ओटा बांधलात, तर या टोकाला तीन पायऱ्या आणि त्या टोकाला एकच, असं का केलंत? चढताना जीव जातो."

"ओटा सरळच आहे. जमीन उतरती आहे, त्याला मी काय करू?"

"तेही खरंच. परवा एक बाई माप द्यायला आली. एका पायावर भार टाकून उभी राहिली, माझं लक्ष नव्हतं. झगा शिवून झाल्यावर एका बाजूनं चार बोटं लांब. टेपची चूक नव्हती की माझी नव्हती. तिचं उभं राहणंच तिरकं." आणि ती घड्याळ घेऊन आत गेली.

काका मात्र तिथंच थांबले. त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. ओटा सरळ, जमीन उतरती. टाकी सरळ, माळ उतरता. एकेक टाकी त्यांनी स्वतः पाणसळीनं, नळीतला बुडबुडा मध्यावर आणून, तपासून बसवली होती, तिच्याबद्दल शंकाच नव्हती. पण सगळ्या टाक्या मिळून जी एक मोठी परात होते, ती?

सकाळी जीप टाक्यांकडे न जाता बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, हा माळ सपाट नाही."

"माहीत आहे की. थोडा उतार आहे."

"थोडा कसला. ओटे बांधताना मी रोज बघितलंय. डोंगराकडून नदीकडे निघालात, तर दर टाकीला एक मजला खाली येता. डोळ्याला कळत नाही, कारण एक मजला उतरायला दीड किलोमीटर मिळतो. पण ओळीत वीस टाक्या आहेत. शेवटच्या टाकीपाशी तुम्ही जवळजवळ वीस मजले खाली." त्यांनी टेबलावरचा चहाचा ट्रे उचलला आणि जरासा तिरका धरला. "सगळीकडून सारखा पाऊस येतोय असं समजा. ट्रे असा धरला, तर ज्या बाजूला कलला त्या बाजूचा पाऊस जास्त झेलणार. पाऊस सारखाच, पण ट्रे म्हणणार, इकडून जास्त येतोय."

"काका, प्रत्येक टाकीची उंची कॉम्प्युटरमध्ये घातलेली आहे. दिशा काढताना ती धरतोच आम्ही."

"दिशा काढताना धरता. आणि कुठून किती यायला हवे होते, हे मोजताना?"

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. काका ट्रे हातात धरून उभेच होते. दहा मिनिटं गेली असतील. मग बाईंचा हात थांबला.

"काका, हे वाचा."

इंग्रजी आकड्यांच्या आणि खुणांच्या जंगलात मराठीत एक ओळ होती. शिकत असताना बाई स्वतःसाठी अशा टिपा लिहून ठेवायच्या. ओळ अशी होती: सध्या जमीन सपाट धरली आहे, नंतर दुरुस्त करणे.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी. चोवीस वर्षांची होते. नंतर करू म्हटलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण चेहरा उतरला होता. "पुढच्या सगळ्यांनी त्याच्यावरच बांधत नेलं. मीसुद्धा."

पाया एक बोट चुकला की वर काय होतं हे काकांना कोणी सांगायला नको होतं. "म्हणजे ते लाल-निळं सगळं खोटं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांचे डोळे चमकले नाहीत.

त्यांनी काकांच्या समोरच मोठ्या सरांना फोन लावला. काकांनी बाहेर जायला पाऊल उचललं, तर बाईंनी हातानं बसा म्हणून खुणावलं. चूक माझी आहे, त्या सरळ म्हणाल्या. सगळं नव्यानं मोजावं लागेल. सरांनी एवढंच विचारलं, की किती दिवस लागतील, आणि ही गोष्ट लक्षात कोणाच्या आली. "आपल्या गवंडीकाकांच्या," बाई म्हणाल्या.

मोजणीला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत काकांना चैन नव्हती. टाकीवर टाकी तपासत ते माळभर फिरायचे आणि उतार नव्यानं बघायचे. जीप बंद करून ब्रेक सोडला, की ती नदीच्या बाजूला आपसूक रांगायला लागे. इतकी वर्षं त्यांनी चाकाला दगड लावला होता आणि त्याचा विचार केला नव्हता. आपण उगाच तोंड उघडलं असंही त्यांना मधूनच वाटे.

"न बोलता राहिला असतात तर?" बायकोनं विचारलं.

"तर चुकीचं छापून आलं असतं."

"मग झालं तर."

"पण त्यांचं आठ वर्षांचं काम आहे गं."

दुसऱ्या दिवशी तिनं बाईंसाठी चष्म्याची एक कापडी पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवायची. काकांनी ती नेऊन दिली, तेव्हा बाई चार रात्री न झोपल्यासारख्या दिसत होत्या. पिशवी बघून मात्र त्या मोठ्यानं हसल्या.

बाराव्या दिवशी भिंतीवर नवा कागद होता. काकांनी दारातूनच पाहिलं. रंग होते. लाल होतं, निळं होतं.

"राहिलं?" त्यांनी विचारलं.

"राहिलं. आत या ना." बाईंनी जुना कागद नव्याशेजारी धरला. "माळ पृथ्वीबरोबर फिरतो, काका. पूर्व-पश्चिम जाणारा आभाळाचा प्रत्येक तुकडा रोज याच उतारावरून जातो, त्यामुळे त्या दिशेत उतारानं कोणाला झुकतं माप मिळत नाही. तिथला फरक जसाच्या तसा आहे. उतारानं घोटाळा केला तो उत्तर-दक्षिण. म्हणून किती हे जवळपास तेच राहिलं, पण कुठे हे बदललं. हे बघा, लाल रंगाचा मध्य सरकला."

काकांनी बोटं लावून मोजलं. कागदावर दोन बोटं. "दोन बोटांनी काय होतं?"

"ही फिकट पट्टी दिसतेय? ही आपली आकाशगंगा, आपले सगळे तारे जिच्यात आहेत ती. हा तिचा मध्य, सगळ्यात गजबजलेला. हे कण आपल्या आकाशगंगेतले असते, तर या मध्याकडून जास्त आले असते. लाल रंग आधीही त्याच्यापासून लांब होता. आता तो आणखी लांब गेला. बारीक शंका होती ती गेली."

"म्हणजे ते घरचे नाहीत."

"नाहीत. बाहेरचे आहेत. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडून कुठून तरी."

"कोण पाठवतंय?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज परत आलं होतं.

काकांनी खुर्ची ओढली. किती लांबून, किती वर्षांपूर्वी निघालेला कण, आणि शेवटी पडतो कुठं, तर आपण पाणसळ लावून बसवलेल्या टाकीत. हे बायकोला नीट सांगायचं होतं, आणि कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं.

परिषदेतल्या भाषणाची तारीख सरांनी पुढे ढकलून घेतली. बाई मात्र लगेच लिहायला बसल्या नाहीत. त्यांनी खणातून एक कागदांची चळत काढली.

"अख्ख्या कामात धरली आहे, धरले आहे असे शब्द कुठं कुठं आलेत ते मी शोधून काढलं. त्रेचाळीस ठिकाणी. माझ्या सहकाऱ्यांना ते सगळं इतकं सवयीचं झालंय, की त्यांना आता दिसतच नाही. मलाही दिसत नाही. तुम्ही बसाल माझ्याबरोबर? मी वाचते, तुम्ही विचारायचं."

"मला त्यातलं काय कळणार?"

"उताराचं कळलं तेवढं पुरे आहे."

काकांनी घड्याळ बघितलं. अकरा टाक्या बघायच्या राहिल्या होत्या, पण त्या उद्या झाल्या असत्या. त्यांनी गुडघा चोळत पाय लांब केला.

"वाचा."

"एक. सगळ्या टाक्यांतले पाणी सारखेच नितळ धरले आहे."

"कोणी बघितलंय?" ओळंबाकाका म्हणाले, आणि बाईंनी त्या ओळीसमोर पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं.